सीसीच्या रेघेआड लपलेली ताकद : विमा नियामकांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण (आयआरडीएआय), हैदराबाद
आणि
सचिव, रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : खासगी मोटारींच्या विम्यातले सीसीचे टप्पे आणि मॉडेलनिहाय क्लेमची माहिती

महोदय,

गाडीत दम हवा, पण इन्शुरन्स अंगावर येऊ नये, अशी कोणती गाडी आहे? गाडी घेणारा हा प्रश्न शोरूममध्ये विचारतो, मित्रांना विचारतो, एजंटला विचारतो. याचं उत्तर आज भारतात अगदी सोपं आहे आणि तेच आम्हाला खटकतं. उत्तर असं : आरसीवर 1000 किंवा 1500 सीसीच्या (इंजिनाच्या आकारमानाच्या) रेघेच्या जेमतेम खाली असलेलं टर्बो, म्हणजे जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारं, इंजिन शोधा. बाकी काही पाहू नका.

1 जून 2022 पासून लागू झालेल्या अधिसूचनेत खासगी मोटारीचा एका वर्षाचा थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानभरपाईच्या विम्याचा) हप्ता 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 रुपये आणि 1500 सीसीच्या वर 7,897 रुपये आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी. आता या रकान्यांत खऱ्या गाड्या बसवून पाहा. मारुती अल्टो के10 चं इंजिन 998 सीसीचं आहे, ताकद 67 पीएस. ह्युंदाई व्हेन्यूचं टर्बो इंजिनही 998 सीसीचंच, ताकद 120 पीएस. हप्ता दोघींना 2,094. आणि 82 पीएसची, 1197 सीसीची स्विफ्ट? तिला 3,416. म्हणजे 38 पीएस कमी असलेली गाडी वर्षाला 1,322 रुपये जास्त भरते.

मधल्या टप्प्यात तर अख्खी जत्राच आहे. 1493 सीसी, 76 पीएसची बोलेरो. 1462 सीसी, 103 पीएसची अर्टिगा. 1498 सीसी, 150 पीएसच्या व्हर्टस आणि स्लाव्हिया. 1482 सीसी, 160 पीएसची व्हर्ना टर्बो. सगळ्यांना एकच 3,416. रेघ ओलांडली की काय होतं ते थारमध्ये स्पष्ट दिसतं. तीन दरवाजांच्या थारचं मागच्या चाकांवर चालणारं डिझेल मॉडेल 1497 सीसीचं आणि 119 पीएसचं. फोर बाय फोर डिझेल 2184 सीसीचं आणि 132 पीएसचं. फरक 13 पीएसचा, पण हप्त्यात वर्षाला 4,481 रुपयांचा. नव्या गाडीला सप्टेंबर 2018 पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. तिथे हा फरक 10,640 विरुद्ध 24,596, म्हणजे 13,956 रुपये होतो आणि जीएसटी धरून 16,468. खरेदीच्या दिवशीच.

सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये मावणाऱ्या जागेचं माप. त्या जागेत हवा किती कोंबली जाते आणि इंजिन किती आरपीएमपर्यंत ताकद टिकवतं, यावर पीएस ठरतात. टर्बो नसलेल्या इंजिनांच्या काळात जागा आणि ताकद साधारण एकमेकांच्या मागे चालत, तेव्हा सीसीवरून अंदाज बांधणं चुकीचं नव्हतं. टर्बोचार्जर आणि डायरेक्ट इंजेक्शन आल्यावर ते नातं तुटलं. एक लिटरमधून 120 पीएस ही आता नवलाई उरली नाही. त्यात कराची रचनाही त्याच दिशेने ढकलते : चार मीटरच्या आतली, 1200 सीसीपर्यंत पेट्रोल किंवा 1500 सीसीपर्यंत डिझेल इंजिनाची गाडी जीएसटीच्या खालच्या दरात बसते. त्यामुळे कंपन्या इंजिन लहान ठेवून टर्बो लावत राहणार, हे उघड आहे.

तुम्हाला ताकद मोजता येत नाही, असंही नाही. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी त्याच अधिसूचनेत किलोवॉटचे टप्पे आहेत : 30 किलोवॉटपर्यंत 1,780 रुपये, 30 ते 65 किलोवॉट 2,904 रुपये आणि 65 च्या वर 6,712 रुपये. पेट्रोल गाड्यांचे तीन दर घेऊन त्यांतून 15 टक्के वजा केले की हेच आकडे येतात. सवलत म्हणून ती दिली आहे. आता 65 किलोवॉट म्हणजे सुमारे 88 पीएस. 100 किलोवॉटची एमजी विंडसर वरच्या टप्प्यात जाते आणि 6,712 भरते. 118 किलोवॉटची पेट्रोल व्हर्ना टर्बो 3,416 भरते. सवलतवाली गाडी बिनसवलतीच्या, तिच्याहून ताकदवान गाडीच्या जवळपास दुप्पट भरते. हे गणित तुमच्याच दोन तक्त्यांतलं आहे.

मग सगळीकडे पीएस लावा, असं आमचं म्हणणं आहे का? नाही. थर्ड पार्टी क्लेम हा समोरच्याला झालेल्या इजेचा असतो. मृत्यू वा दुखापतीच्या भरपाईला पॉलिसीत कमाल आकडा नाही, मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे. हा धोका गाडी वर्षाला किती किलोमीटर फिरते, कोण चालवतं, रात्री किती चालते, वजन किती, ब्रेक कसे, यावर ठरतो. 160 पीएसची गाडी महिन्यातून चारदा बाहेर काढणारा आणि 76 पीएसची रोज दीडशे किलोमीटर पळवणारा यांच्यात कोण धोक्याचा, हे इंजिनाच्या झाकणावर लिहिलेलं नसतं. आम्हाला हवा आहे तो क्लेमवर आधारलेला वर्ग. जर्मनीत विमा कंपन्यांची संघटना मागच्या तीन वर्षांचे क्लेम मोजून दरवर्षी प्रत्येक मॉडेलचा वर्ग जाहीर करते. थर्ड पार्टीसाठी 10 ते 25, स्वतःच्या गाडीच्या पूर्ण विम्यासाठी 10 ते 34. वर्ग कुणालाही मॉडेल टाकून पाहता येतो आणि क्लेम सुधारले की तो खाली येतो. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं 1 ते 50 गट चालले. त्यांत सुट्या भागांची किंमत, दुरुस्तीचे तास, कामगिरी आणि चोरीपासूनची सुरक्षा धरली जाई. अमेरिकेत तर साध्या, कमी ताकदीच्या काही ह्युंदाई-किया गाड्या इमोबिलायझर (खऱ्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं उपकरण) नसल्यामुळे इतक्या चोरीला गेल्या की काही विमा कंपन्यांनी ठरावीक शहरांत त्यांच्या नव्या पॉलिसी काढणं थांबवलं. ताकद आणि विम्याचा खर्च यांची गाठ किती सैल असते, याचा याहून चांगला दाखला नाही.

आता ओन डॅमेजकडे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याकडे येतो, कारण खरी रक्कम तिथे आहे आणि खरा अंधारही.

1 जानेवारी 2007 पासून ओन डॅमेजचा दर कंपन्यांवर सोपवला गेला. तरी आतला सांगाडा अजून जुन्या टॅरिफचाच (ठरवून दिलेल्या दरपत्रकाचाच) दिसतो. मुंबई, पुणे, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूरु, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं झोन ए, बाकी देश झोन बी. झोन ए मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 3.127 टक्के (1000 सीसीपर्यंत), 3.283 टक्के (1500 पर्यंत) आणि 3.447 टक्के (त्यावर). यावर कंपनी आपला डिस्काउंट देते. समजा नव्या गाडीची यादीतली किंमत 12 लाख आहे. पहिल्या सहा महिन्यांचा 5 टक्के घसारा काढून आयडीव्ही 11,40,000. तीन टप्प्यांत मूळ दर 35,648, 37,426 आणि 39,296 रुपये. 70 टक्के डिस्काउंट धरला तर 10,694, 11,228 आणि 11,789. वरच्या आणि खालच्या टप्प्यातला फरक 1,095 रुपये. तोच फरक थर्ड पार्टीत 5,803 रुपये आहे. सीसीचा फटका कुठे बसतो, ते यावरून कळावं.

खरेदीदाराने घासाघीस करायची तीही याच ठिकाणी. थर्ड पार्टीचा दर सगळ्या कंपन्यांचा सारखा, तिथे एक रुपयाही सुटत नाही. डीलर "सगळं मिळून इतके" म्हणतो तेव्हा त्याच्याकडून चार आकडे वेगळे लिहून घ्यायचे : आयडीव्ही, ओन डॅमेजवरचा डिस्काउंट, प्रत्येक अ‍ॅड-ऑनची (जादा संरक्षणाची) रक्कम आणि थर्ड पार्टी. विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती नाही. कमी हप्ता दाखवण्याची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे आयडीव्ही खाली आणणं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. आयडीव्ही दीड लाखाने उतरवून वाचवलेले चौदा-पंधराशे रुपये त्या दिवशी दीड लाखाला पडतात. टर्बो गाड्यांत आणखी एक चूक वारंवार दिसते : पॉलिसीत टर्बो नसलेलं व्हेरियंट निवडलेलं असतं. सीसी जुळते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आयडीव्ही मात्र भलत्याच मॉडेलची लागते आणि क्लेमच्या वेळी नुकसान तपासणारा सर्व्हेअर तिथेच थांबतो. इंजिन नंबर, चासी नंबर आणि व्हेरियंट, तिन्ही आरसीशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पण महोदय, हप्ता स्वस्त आणि क्लेम महाग, अशी गाडी ग्राहकाने ओळखायची कशी? हे बिल पाहा. दोन ते तीन वर्षं वयाची टर्बो गाडी, पुढून साधी धडक, झिरो डेप (घसारा न कापण्याचं अ‍ॅड-ऑन) नाही. आकडे समजुतीसाठी गोल घेतले आहेत. बंपर 16,000 : प्लास्टिक, 50 टक्के घसारा, मालकाचे 8,000. एलईडी हेडलॅम्प 24,000 : पुढची 'काच' आता पॉलिकार्बोनेटची असते, म्हणून काचेची शून्य घसाऱ्याची सोय नाही, मालकाचे 12,000. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) 12,000 : या वयाला धातूवर 15 टक्के, मालकाचे 1,800. रंगकाम 10,000 : त्यातला चौथा हिस्सा मटेरिअलचा धरून त्यावर 50 टक्के, मालकाचे 1,250. सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला मालकाने सोसायची रक्कम, 1,000 (1500 सीसीच्या वर असती तर 2,000, इथेही तीच रेघ). एकूण बिल 62,000 आणि त्यातले 24,050 मालकाच्या खिशातून. शिवाय पुढच्या नूतनीकरणाला 35 टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) मिळायचा तो शून्यावर येतो. इंटरकूलरवर तर वादच होतो, कारण त्याचा गाभा अ‍ॅल्युमिनिअमचा आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लास्टिकच्या. धातू म्हणायचं की प्लास्टिक? 15 टक्के की 50? दोन सर्व्हेअर दोन उत्तरं देतात. टॅरिफ लिहिलं गेलं तेव्हा छोट्या गाडीत हा भाग नसायचाच. याबाबत एक ओळीचं स्पष्टीकरण काढायला तुम्हाला काय अडचण आहे?

टर्बो गाडीत इंटरकूलर बहुधा बंपरच्या मागेच, एसीच्या कंडेन्सरच्या शेजारी बसतो. वरच्या मॉडेलला एडास (रडार-कॅमेऱ्याने चालकाला मदत करणारी यंत्रणा) असेल तर पुढचा रडारही त्याच भागात, आणि कॅमेरा विंडशील्डच्या मागे. काच बदलली की कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो. काचेवर घसारा नाही, पण कॅलिब्रेशनची मजुरी मंजूर होईल का, हे आधी विचारलेलं बरं. त्यामुळे ताकदवान गाडी घेणाऱ्याला आमचा सल्ला : ओन डॅमेजचे दर मागण्याआधी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जाऊन सहा भागांची किंमत लिहून आणा. पुढचा बंपर, एक हेडलॅम्प, विंडशील्ड, कंडेन्सर, इंटरकूलर, पुढच्या दरवाजाचा आरसा. दोन गाड्यांचे पीएस सारखे असतील, तर ज्या गाडीची ही बेरीज कमी, ती विम्याला दीर्घकाळ स्वस्त. मोठी अलॉय चाकं आणि कमी उंचीचे टायर असलेलं व्हेरियंट टाळता आलं तर टाळा. खड्ड्यात एकटा टायर फुटला तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही, गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे निम्मे मिळतात.

झिरो डेप पहिली पाच वर्षं घ्यावंच. त्यात वर्षाला किती क्लेम चालतात तेवढं वाचा, बहुतेक ठिकाणी दोनच असतात. इंजिन प्रोटेक्टर पाणी साचणाऱ्या भागात उपयोगी. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली की सिलिंडरमध्ये आलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि कंपनी ते परिणामी नुकसान म्हणून नाकारते. टर्बो तेलाअभावी जळला तर तो यांत्रिक बिघाड, विम्याचा विषयच नाही.

ऐच्छिक वजावटीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. जुन्या टॅरिफनुसार 2,500 ची वजावट स्वीकारली तर 20 टक्के सूट, पण कमाल 750 रुपये. 5,000 ला कमाल 1,500. 7,500 ला कमाल 2,000. 15,000 ला 35 टक्के, पण कमाल 2,500. बहुतेक पॉलिसींत अजून हेच आकडे दिसतात. जपून चालवणाऱ्याने 15,000 चा धोका डोक्यावर घ्यायचा आणि बदल्यात जास्तीत जास्त अडीच हजार मिळवायचे. हा सौदा कुणीही करू नये. वाहनांची चाचणी करणाऱ्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेल्या चोरीरोधक उपकरणाला 2.5 टक्के, कमाल 500 रुपये. या कमाल मर्यादा काढल्याशिवाय सूट ही कागदावरचीच राहणार. किलोमीटरनुसार हप्त्याचं अ‍ॅड-ऑन तुम्ही जुलै 2022 मध्ये मोकळं केलंत, ते मात्र कमी फिरणाऱ्या ताकदवान गाडीला खरोखर लागू पडतं. खंत एवढीच की त्याची सूट ओन डॅमेजवर मिळते. कमी फिरल्याने ज्याचा धोका सरळ कमी होतो, त्या थर्ड पार्टीला किलोमीटरचं काही देणंघेणं नाही.

जुनी ताकदवान गाडी घेणाऱ्यांसाठी गणित उलटं फिरतं. दोन लिटरच्या सात-आठ वर्षांच्या सेदानची आयडीव्ही उतरलेली असते, ओन डॅमेज स्वस्त पडतं, पण थर्ड पार्टी 7,897 वरच ठाम राहते. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर 40 टक्के घसारा लागतो आणि झिरो डेप सहसा मिळत नाही. व्यवहार झाल्यावर 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची, आणि नो क्लेम बोनस विकणाऱ्याबरोबर जातो हे लक्षात ठेवायचं. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. खोटा बोनस लावून घेतलेली पॉलिसी पहिल्याच मोठ्या क्लेमला उघडी पडते, कारण कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते.

आणि ईसीयू रिमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा प्रोग्राम बदलणं. 115 पीएसची गाडी घ्यायची, 999 सीसीचा हप्ता भरायचा आणि लॅपटॉप जोडून ताकद वाढवायची, हा 'स्वस्त विमा, मोठी ताकद' प्रकार बराच चालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही. न कळवलेला बदल कंपनीला ओन डॅमेज क्लेम नाकारायला आयतं कारण देतो. अनेक ईसीयूंमध्ये किती वेळा फ्लॅश केलं याची नोंद राहते, त्यामुळे "परत स्टॉक केलं" म्हणून सुटका होत नाही. जखमीची भरपाई कंपनीला द्यावी लागली, तर ती पुढे मालकाच्या मागे लागू शकते.

आमच्या मागण्या फार नाहीत. इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे मोटर पॉलिसींची आणि क्लेमची माहिती आधीच जमा होते. त्यातून मॉडेल आणि इंजिननिहाय क्लेमचं प्रमाण आणि सरासरी रक्कम वर्षातून एकदा जाहीर करा, कंपन्यांची नावं झाकून का होईना. दुसरं, ऑक्टोबर 2023 पासून भारत एनसीएपी या धडक-चाचणीच्या कार्यक्रमात जिवाच्या सुरक्षेचे तारे मिळतात, पण दुरुस्तीच्या खर्चाची चाचणी कुठेच नाही. जगभरच्या विमा संशोधन केंद्रांची ताशी 15 किलोमीटर वेगाची, 40 टक्के भाग धडकवणारी चाचणी वर्षानुवर्षं चालू आहे. तशी चाचणी इथे करून बदलाव्या लागलेल्या भागांची यादी आणि त्यांची यादीतली किंमत छापा. ज्या कंपनीने इंटरकूलर दोन इंच मागे सरकवला, तिला त्याचं श्रेय विम्याच्या हप्त्यात मिळू द्या. तिसरं, घसाऱ्याच्या तक्त्यात इंटरकूलर, पॉलिकार्बोनेट हेडलॅम्प, रडार आणि कॅमेरा यांची नावं स्वतंत्र लिहा.

आणि थर्ड पार्टी दरांच्या पुढच्या मसुद्यात इंजिन क्षमतेच्या रकान्याशेजारी पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठीही किलोवॉटचा एक आणि क्लेम-वर्गाचा एक असे दोन रकाने टाका. पहिल्या वर्षी दर तेच ठेवले तरी चालतील. रकाने मात्र भरलेले हवेत.

आपले,
मोटर विमा, सर्व्हे आणि दुरुस्तीच्या कामातले काही जण